व्हिडिओवर संधिवाताची तपासणी: कुणी करावी, कुणी करू नये

‘हात लावून बघितल्याशिवाय डॉक्टरांना काय कळणार?’ असं आमचे बरेच पेशंट विचारतात. शंका रास्त आहे. सांध्याला सूज आहे की नाही, हे बोटांनी दाबूनच नीट समजतं. आमवातात (हा संधिवाताचाच एक प्रकार) डॉक्टर २८ सांधे एकेक करून चाचपतात. मोबाइलवरून ते जमत नाही. केंद्राच्या मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार पहिली भेटही व्हिडिओवर घेता येते, पण आमच्याकडे नव्या पेशंटने एकदा दवाखान्यात यायचंच.

दुखणं आटोक्यात असेल तर मात्र दर खेपेला पाटण-मेढ्याहून साताऱ्यापर्यंत एसटीत अवघडून येण्याची गरज नाही. अशा फेरतपासणीत बरंचसं काम रिपोर्ट बघण्याचं असतं. मेथोट्रेक्सेट ही संधिवाताची गोळी चालू असणाऱ्यांनी सीबीसी (रक्तपेशींची), एसजीपीटी (यकृताची) आणि क्रिएटिनिन (किडनीची) या रक्ततपासण्या जवळच्या लॅबमध्ये करून रिपोर्ट आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर पाठवावेत. रिपोर्ट नसेल तर पुढच्या गोळ्या लिहून मिळणार नाहीत. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकाच ठरलेल्या वारी घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून प्रत्येक कॉलवर तुमच्याकडून वार वदवून घेतो. रागावू नका.

कॉलला खिडकीकडे तोंड करून बसा. अंगठ्या काढून ठेवा, मूठ वळवून दाखवावी लागेल. सकाळी आखडलेले सांधे मोकळे व्हायला किती वेळ लागतो, ते आधी दोन-चार दिवस घड्याळ लावून बघा. ‘थोडा वेळ’ म्हटल्याने काही ठरवता येत नाही. फोन धरायला मुलगा, सून, नातू कुणीही चालेल, पण दुखणं स्वतः सांगा. घरची माणसं ‘आता बरी आहे’ म्हणून मोकळी होतात, आणि सासूबाईंना वेणी घालता येत नाही हे राहूनच जातं.

एखादा सांधा अचानक सुजून गरम झाला आणि ताप आला, तर कॉलची वेळ मागत बसू नका. सांध्यात पू झालेला असू शकतो. आम्ही बंद असू तर सरळ जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा.

व्हिडिओची फी दवाखान्याइतकीच आहे, कारण डॉक्टरांचा वेळ तेवढाच जातो. चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असतो, त्यामुळे ती मेडिकलमध्ये चालते. कॉलनंतर डॉक्टरांनी प्रत्यक्ष बोलावलं, तर आठ दिवसांत येणाऱ्यांकडून पुन्हा फी घेत नाही.