नस जोडली, तरी बोटं इतके महिने बधिर का?

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या फौंड्रीत, प्रेसवर किंवा गुऱ्हाळावर हात सापडून मनगटाची नस (रक्तवाहिनी नव्हे, संवेदना नेणारी चेतातंतूंची जुडी) तुटल्याचे पेशंट नेहमीच येतात. डॉक्टर मायक्रोस्कोपखाली केसाहून बारीक दोऱ्याने नस जोडतात. पंधरवड्यात टाके निघतात, जखम भरते, बोटं मात्र बधिर ती बधिरच. मग फिजिओथेरपिस्ट मनगटापासून पुढे हळूहळू टिचक्या मारत जातो. एका ठिकाणी टिचकी बसली की बोटांकडे मुंग्या धावतात. ‘काका, नस इथवर आली बघा.’ पुढच्या महिन्यात ती जागा इंचभर पुढे गेलेली असते. पहिल्या महायुद्धातले जखमी सैनिक तपासताना जर्मनीत हॉफमन आणि फ्रान्समध्ये टिनेल यांनी 1915 साली ही खूण स्वतंत्रपणे नोंदवली.

वेग साधारण दिवसाला एक मिलिमीटर. मनगट ते बोटाचं टोक हे अंतर सोळा-सतरा सेंटिमीटर धरलं, तर जवळपास सहा महिने होतात. कारण तुटलेल्या नसेचा पुढचा भाग नुसता टाके घालून जिवंत होत नाही. 1850 मध्ये ऑगस्टस वॉलर यांनी बेडकाच्या जिभेच्या नसा कापून दाखवलं, की आपल्या चेतापेशीपासून तुटलेला तंतू काही दिवसांत कुजतो. टाके फक्त वाट जुळवून देतात. त्या वाटेने नवा तंतू मागच्या टोकातून वाढत यावा लागतो.

तो वाढतो कसा, हे आधी पाहिलं स्पेनच्या सान्तियागो रामोन इ काहाल यांनी. 1890 मध्ये कोंबडीच्या भ्रूणातल्या तंतूंच्या टोकाशी त्यांना एक फुगीर, हातपाय पसरणारा भाग दिसला. त्याला त्यांनी ‘वृद्धी-शंकू’ म्हटलं. पण ते मृत, रंगवलेले काप होते. हालचाल त्यांनी ताडली होती. 1907 मध्ये रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या भ्रूणाचा कण लसिकेच्या (शरीरातल्या पातळ द्रवाच्या) थेंबात टांगून ठेवला आणि जिवंत तंतू डोळ्यांदेखत पुढे सरकताना पाहिला. शरीराबाहेर पेशी वाढवण्याच्या तंत्राची सुरुवातही तिथूनच झाली.

मला या सगळ्यात सर्वांत मोठं वाटतं ते रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांचं काम. 1936 साली त्या तुरिनमध्ये डॉक्टर झाल्या आणि 1938 च्या वंशभेदी कायद्यांनी, ज्यू म्हणून, त्यांची विद्यापीठातली जागा गेली. त्यांनी आपल्या झोपायच्या खोलीतच प्रयोगशाळा थाटली. शिवणाच्या सुया घासून शस्त्रक्रियेची हत्यारं केली, कोंबडीची फलित अंडी मिळवली, कवचाला खिडकी पाडून भ्रूणाच्या अवयवाचा कोंब काढायचा आणि तिकडे जाणाऱ्या चेतापेशींचं काय होतं ते पाहायचं. बॉम्बहल्ले वाढल्यावर हेच काम खेड्यातल्या घरात चालू राहिलं. अमेरिकेत सेंट लुईसला भ्रूणांवर काम करणारे व्हिक्टर हॅम्बर्गर यांचं मत होतं, की अवयव नसला तर पेशी तयारच होत नाहीत. रिटा यांना दिसलं ते वेगळं: पेशी तयार होतात, बाहेरही पडतात, पण पुढून काहीतरी मिळत नाही म्हणून मरतात.

ते ‘काहीतरी’ काय? त्याचा शोध घ्यायला हॅम्बर्गर यांनीच त्यांना 1947 मध्ये बोलावलं. आपलं मत खोडणाऱ्या व्यक्तीला स्वतःच्या प्रयोगशाळेत बोलावणारा माणूसही मोठाच म्हणायचा. उंदराच्या कर्करोगाची एक गाठ कोंबडीच्या भ्रूणात लावली की तंतू तिच्याकडे धावत, हे आधी कळलं होतं. 1952 मध्ये रिटा अशा गाठीचे उंदीर घेऊन रिओ दि जानेरोला गेल्या. तिथे गाठीच्या तुकड्याजवळ ठेवलेल्या चेतापेशींच्या गुच्छाभोवती काही तासांत तंतूंचं दाट वलय उमटलं. पुढे स्टॅन्ली कोहेन यांनी तो पदार्थ वेगळा काढायला घेतला. गाठीतली न्यूक्लिक आम्लं (डीएनए, आरएनए) तोडायला त्यांनी सापाचं विष वापरलं, तर विषातच तो पदार्थ गाठीपेक्षा कितीतरी जास्त निघाला. मग नर उंदराच्या लाळग्रंथीत त्याहून जास्त. हेच चेतावृद्धी प्रथिन. 1986 चं नोबेल रिटा आणि कोहेन या दोघांना मिळालं. त्यापासून बनवलेले डोळ्याचे थेंब आज पारपटलाची (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची) संवेदना गेलेल्या रुग्णांना दिले जातात.

मेंदू आणि मज्जारज्जूत मात्र तुटलेले तंतू असे वाढत नाहीत. काहाल यांचे शिष्य तेल्यो यांनी 1911 मध्ये पायाच्या नसेचा तुकडा सशाच्या मेंदूत बसवला, तेव्हा तंतू त्यात शिरले. 1981 मध्ये माँट्रियलला आग्वायो यांच्या प्रयोगशाळेने ते पक्कं केलं. म्हणजे तंतूंत वाढायची ताकद असते, आजूबाजूची जागा आडवी येते. श्वाब यांनी झुरिकमध्ये तसं अडवणारं प्रथिनही शोधलं. मणक्याच्या दुखापतीवर यातून हमखास उपाय अजून हाती आलेला नाही.

बाईकवरून पडून मानेशी नस तुटली, तर पंज्यापर्यंतचं अंतर साठ-सत्तर सेंटिमीटर, म्हणजे दोन वर्षं. तोवर स्नायू वाळून जातात. म्हणून आता सर्जन शेजारच्या चालू नसेचा एक धागा थेट स्नायूजवळ जोडतात, म्हणजे वाटच लहान होते. हे शक्यतो सहा महिन्यांच्या आत करायचं असतं. हात लुळा पडलेला असेल तर ‘बघू, येईल हळूहळू’ म्हणत वर्ष घालवू नये, लवकर दाखवावं.