‘फाईल उद्या पाठवतो’ की ‘फाईल उद्या पाठवा’? इंग्रजीतलं विधान आणि इंग्रजीतली आज्ञा

ऑफिसात नुकताच लागलेला मुलगा साहेबांना निरोप पाठवतो, "सेंड द फाईल टुमॉरो." त्याच्या मनात असतं ‘फाईल उद्या पाठवतो’. साहेब वाचतात ‘फाईल उद्या पाठवा’. स्पेलिंग बरोबर, शब्द बरोबर, शब्दांचा क्रमही बरोबर. सुरुवातीचं "आय विल" तेवढं राहिलं आणि कबुलीचा हुकूम झाला.

मराठीत असा घोटाळा होत नाही, कारण आपलं क्रियापद सगळी माहिती शेपटीत घेऊन फिरतं. पाठवतो, पाठवतेस, पाठव, पाठवा, पाठवू या, पाठवावं. कोण करणार, आणि बोलणारा नुसतं सांगतोय की हुकूम सोडतोय, हे बहुतेक वेळा रूपावरूनच कळतं. म्हणून ‘मी’ किंवा ‘तू’ गाळला तरी चालतं. इंग्रजीत "सेंड" हे एकच रूप आय, यू, वी, दे या सगळ्यांना पुरतं आणि आज्ञेलाही तेच. वेगळं रूप मिळतं ते फक्त ही, शी, इट यांच्या मागे, "सेंड्स". मग विधान आणि आज्ञा ओळखायची कशावरून? क्रियापदाच्या आधीच्या जागेवरून. तिथे कर्ता बसला असेल तर विधान, जागा रिकामी असेल तर आज्ञा.

इंग्रजी वाक्याचा क्रम कर्ता, क्रियापद, कर्म, हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. ‘मी चहा पितो’चं "आय ड्रिंक टी" बहुतेकांना जमतंही. पण ती पहिली जागा केवळ क्रमाची नाही, तिच्यावर वाक्याची जात ठरते, हे सहसा कोणी सांगत नाही. त्यामुळे दोन उलट्या चुका होतात: विधानातला कर्ता गळतो आणि आज्ञेत नको तिथे घुसतो.

पहिली चूक पाहू. ‘रोज सहाला उठतो’ याचं "गेट अप ॲट सिक्स एव्हरी डे" केलं की ते डॉक्टरांनी दिलेल्या सल्ल्यासारखं वाचलं जातं. "आय गेट अप" हवंच. भूतकाळात बहुतेक वेळा निभावतं, कारण "वेंट" किंवा "सेंट" या रूपांची आज्ञा होऊच शकत नाही. पण पुट, कट, शट, सेट यांचा भूतकाळ मूळ रूपासारखाच असतो. ‘पिशवी टेबलावर ठेवली’ म्हणून "पुट द बॅग ऑन द टेबल" लिहिलंत, तर वाचणारा पिशवी शोधायला लागेल. इंग्रज माणसंही घाईच्या निरोपात "आय" गाळतात, "विल कॉल लेटर" किंवा "गॉट होम सेफली" लिहितात. ते चालतं, कारण "विल" आणि "गॉट" यांतून आज्ञेचा अर्थ निघत नाही. नुसत्या मूळ क्रियापदापुढचा "आय" मात्र गाळू नये.

याच चुकीचा सख्खा भाऊ म्हणजे हवामानाची वाक्यं. ‘पाऊस पडतोय’, ‘आज थंडी आहे’ यांचं "इज रेनिंग", "इज कोल्ड टुडे" होतं, आणि ते अर्धवट प्रश्नासारखं दिसतं. पहिली जागा भरायला माणूस नसेल तर "इट" बसवायचा. त्याला स्वतःचा अर्थ नाही, तो जागा धरून बसतो.

आता दुसरी चूक. ‘तू खिडकी उघड’ हे मराठीत अगदी साधं वाक्य, म्हणून "यू ओपन द विंडो" तोंडात येतं. इंग्रजीत त्याचा सरळ अर्थ ‘तू खिडकी उघडतोस’. आज्ञेत "यू" मुख्यतः दोन वेळा येतो. एक, कामाची वाटणी करताना: "यू वॉश द राइस, अँड आय विल कट द व्हेजिटेबल्स." दोन, दटावताना: "यू बी क्वाएट!" म्हणूनच विनाकारण घातलेला "यू" कानाला तुटक लागतो. "यू प्लीज सिट" आपल्याकडे सर्रास ऐकू येतं आणि सगळ्यांना समजतंही, पण परीक्षेत आणि पत्रात "प्लीज सिट डाउन" लिहा. "नेव्हर" आला की फरक आणखी बोचरा होतो. "नेव्हर ओपन धिस डोअर" म्हणजे हे दार कधीही उघडू नका. "यू नेव्हर ओपन धिस डोअर" म्हणजे तू हे दार कधी उघडतच नाहीस, ही तक्रार झाली.

नाव घेऊन हाक मारली तर? "सुरेश, ओपन द डोअर" ही आज्ञा, "सुरेश ओपन्स द डोअर" हे विधान. फरक स्वल्पविरामाचा आणि शेवटच्या एस्‌चा. ही हाक आहे, कर्ता नाही, म्हणून क्रियापदाला एस् लागत नाही. वर्गाला उद्देशून "एव्हरीबडी, सिट डाउन" म्हणतात, पण प्रार्थनेनंतर सगळे बसतात हे सांगताना "एव्हरीबडी सिट्स डाउन". वहीत "एव्हरीबडी सिट्स डाउन" लिहून तोच हुकूम समजणारी मुलं पुष्कळ असतात.

सगळ्यात जास्त घसरगुंडी मात्र "बी" या छोट्या शब्दावर होते. ‘शांत’, ‘सावध’, ‘वेळेवर’ हे शब्द इंग्रजीत क्रियापदं नाहीत, त्यांना आधार लागतो. विधानात तो आधार ॲम, इज, आर यांचा, आणि आज्ञेत "बी"चा. "यू आर क्वाएट" म्हणजे तू शांत आहेस, "बी क्वाएट" म्हणजे शांत राहा. "यू आर केअरफुल", पण "बी केअरफुल". मराठीत याच कामाला राहा, बस, हो अशी निरनिराळी क्रियापदं येतात: सावध राहा, गप्प बस, तयार हो. ती शब्दशः नेली की ‘गप्प बस’चं "सिट क्वाएट" होतं, मग उभ्या मुलानं काय करायचं? तिन्हींना "बी": "बी केअरफुल", "बी क्वाएट", "बी रेडी". "आर क्वाएट" अशी आज्ञा कधीच होत नाही. आज्ञेत क्रियापदाचं मूळ रूप लागतं, आणि ॲम, इज, आर यांचं मूळ रूप "बी".

नकारात तर नियमच पलटतो. विधानात "आर"च्या मागे सरळ "नॉट" लागतो: "यू आर नॉट लेट." तिथे "डू"ला प्रवेश नाही, "यू डोंट बी लेट" चूक. आज्ञेत मात्र "डोंट" लागतोच, अगदी "बी"च्या आधीसुद्धा: "डोंट बी लेट." त्यामुळे ‘उशीर करू नकोस’चं "नॉट लेट" किंवा "डोंट लेट" होतं, आणि दोन्ही चूक. क्रियापद नसलेला शब्द असेल तर "डोंट बी", क्रियापद असेल तर नुसतं "डोंट": "डोंट बी ॲफ्रेड", पण "डोंट क्राय". तू, तुम्ही, एक, अनेक, नकोस, नका, सगळ्यांना "डोंट" एकच. भिंतीवरचं "नो पार्किंग" हे पाटीचं इंग्रजी आहे. त्यावर बेतून मुलाला "नो गोइंग देअर" म्हणण्यापेक्षा "डोंट गो देअर" म्हणावं.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे, आणि मुलांच्या कानावर पडणारं पहिलं इंग्रजी बहुधा "स्टँड अप", "सिट डाउन" हेच. पद्धत चांगली आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी हुकूम ऐकून अंगानं करून दाखवायची हीच रीत भाषा शिकवायला वापरली. मात्र नुसत्या आज्ञांवर थांबलं, तर क्रियापदानं वाक्य सुरू करायची सवय जिभेला लागते. म्हणून जोडी लावावी. शिक्षकांनी "ओपन द बुक" म्हणायचं, मुलानं पुस्तक उघडताना "आय ॲम ओपनिंग द बुक" म्हणायचं, आणि शेजाऱ्यानं त्याच्याकडे बोट दाखवून "ही इज ओपनिंग द बुक". एका कृतीची तीन वाक्यं होतात आणि पहिल्या जागेचं काम न सांगता कळतं.

पाककृती किंवा सूचना लिहिताना आणखी एक अडथळा येतो. मराठीत ‘तांदूळ धुऊन घ्यावेत’ लिहितात. त्याचं "द राइस शुड बी वॉश्ड" व्याकरणात बसतं, पण इंग्रजी पाककृती सरळ आज्ञा देते: "वॉश द राइस." आणि ‘दोन वाट्या पाणी घालून शिजवा’ यातल्या ‘घालून’साठी "ॲडिंग" शोधत बसू नका. दोन आज्ञा करा आणि मध्ये "अँड" घाला: "ॲड टू कप्स ऑफ वॉटर अँड कुक." उलट ‘पाणी घेऊन ये’ ही मराठीत दोन क्रियापदं असली तरी इंग्रजीत एकच, "ब्रिंग सम वॉटर". "टेक वॉटर अँड कम" नव्हे.

‘चला, जाऊ या’ म्हणजे "लेट्स गो". तो जोडशब्द सोडवून "लेट अस गो" म्हटलं की ‘आम्हाला जाऊ द्या’ असाही अर्थ निघतो, म्हणून बोलताना "लेट्स"च बरा. ‘त्याला येऊ दे’ म्हणजे "लेट हिम कम".

मानाचं काय? ‘बसा’ या एका ‘आ’मध्ये आपण आदर भरतो. "सिट"मध्ये तशी सोय नाही. घरी आलेल्या पाहुण्याला नुसतं "सिट" म्हणणं म्हणजे कुत्र्याला सांगितल्यासारखं होतं. "प्लीज" वाक्याच्या आधी लावा किंवा शेवटी स्वल्पविराम देऊन लावा. "ओपन प्लीज द डोअर" असा क्रियापद आणि कर्म यांच्या मध्ये कोंबू नका. त्याहून मऊ हवं असेल तर आज्ञा सोडून प्रश्न विचारा: "कुड यू ओपन द डोअर, प्लीज?" मराठीतलं ‘जरा दार उघडता का?’ नेमकं हेच करतं. वरिष्ठांना लिहिताना "प्लीज सेंड" चालतं, "कुड यू प्लीज सेंड" अधिक बरं.

शेवटी, दुसऱ्याची आज्ञा तिसऱ्याला सांगायची असेल तर ती विधानाच्या पोटात जाते आणि तिच्याआधी "टू" लागतो. ‘बाई म्हणाल्या, उशीर करू नकोस’ याचं "टीचर सेड मी डोंट लेट" नाही. "से"ऐवजी "टेल" घ्या, कोणाला सांगितलं ते लगेच त्याच्यापुढे ठेवा, आणि "डोंट"च्या जागी "नॉट टू" आणा: "द टीचर टोल्ड मी नॉट टू बी लेट." यातला "बी" विसरू नका.