बर्लिनमधला बाज

युरोपातील दाट जंगलांत राहणारा बाज, म्हणजेच नॉर्दर्न गॉसहॉक, माणसाची चाहूल लागताच झाडीत दिसेनासा होतो. बर्लिनमध्ये मात्र हाच बुजरा शिकारी पक्षी बागांतील आणि दफनभूमींतील उंच झाडांवर घरटे बांधतो, आणि खालून माणसे कुत्र्यांना फिरवत असली तरी मादी अंड्यांवरून उठत नाही. या एका शहरात त्याच्या सुमारे 100 जोड्या आहेत.

जंगल तुटले म्हणून तो शहरात आला, असे कोणालाही वाटेल. पण जर्मनीचा जवळजवळ एक तृतीयांश भूभाग आजही वनांखाली आहे. खरे कारण शिकारीच्या इतिहासात सापडते. कोंबड्या आणि ससे पळवतो म्हणून या पक्ष्याला पिढ्यान्‌पिढ्या गोळ्या घातल्या गेल्या, सापळ्यांत पकडले गेले. 1970 च्या दशकात त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले, पक्ष्यांना घातक ठरणाऱ्या डीडीटी या कीटकनाशकावरही बंदी आली, आणि संख्या सावरू लागली. शहरात बंदूक नव्हती, कबुतरे मात्र मुबलक होती. त्याची भीती मुळात बंदुकीची असावी, असे मला वाटते.

आखूड, गोलसर पंख आणि सुकाणूसारखी लांब शेपटी यांमुळे तो दाट फांद्यांमधूनही वेगाने वळू शकतो. पानांआड दबा धरून बसायचे आणि भक्ष्य टप्प्यात येताच झेपावायचे, ही त्याची जंगलातली रीत इमारतींमध्येही तितकीच उपयोगी पडते. शिकारीनंतर झाडाखाली पिसांचा सडा पडलेला असतो. ही पिसे देठासकट उपटलेली असतील तर ते शिकारी पक्ष्याचे काम समजावे. मांजर किंवा कोल्हा पिसांचे देठ चावून तोडतो.

शहरात धोकेही आहेत. पाठलागाच्या भरात बाज काचेच्या भिंतींवर आदळून मरतात, आणि कबुतरांतून येणाऱ्या ट्रायकोमोनास या परजीवीमुळे पिल्लांच्या घशात पिवळट गाठी होऊन त्यांना गिळता येत नाही.

याच कुळातला आपला छोटा शिक्रा मुंबई-पुण्यातील जुन्या झाडांवर घरटी करतो. त्याच्या विणीचा काळ साधारण मार्च ते जून, आणि नेमकी त्याच दिवसांत पावसाळ्यापूर्वीची फांद्यांची छाटणी चालते. झाडावर करवत चालवण्याआधी शेंड्याकडची घरटी पाहून घेणे आणि पिल्ले उडेपर्यंत तेवढे झाड सोडून देणे महापालिकांना सहज जमण्यासारखे आहे.