जॅझ-ब्लूजवरील गिटार सोलो

साध्या ब्लूजमध्ये बारा बारचे (एक बार म्हणजे चार ठोके) आवर्तन तीन कॉर्ड्सवर (एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहांवर) फिरते आणि एकाच मायनर पेंटॅटॉनिकवर, म्हणजे पाच स्वरांच्या स्केलवर, अख्खा सोलो निभावून जातो. जॅझ-ब्लूजमध्ये त्याच बारा बारांत मधल्या कॉर्ड्स येतात, आणि तिथे तेवढ्यावर भागत नाही. ही घडण बीबॉप या वेगवान जॅझ शैलीच्या काळात रुळली. चार्ली पार्करचे १९५१ मधील ‘ब्लूज फॉर ॲलिस’ हे तिचे टोकाचे रूप. गिटारवर वेस मॉन्टगोमेरी, लॅरी कार्लटन आणि रॉबेन फोर्ड यांचे वादन आवर्जून ऐकावे.

जी पट्टीतला नेहमीचा आराखडा: जी७ | सी७ | जी७ | डी मायनर ७, जी७ | सी७ | सी शार्प डिमिनिश्ड | जी७ | बी मायनर ७, ई७ | ए मायनर ७ | डी७ | जी७, ई७ | ए मायनर ७, डी७.

कॉर्ड बदलली हे कानाला कळते ते मुख्यतः तिच्या तिसऱ्या आणि सातव्या स्वरांमुळे. गिटारवर हे दोन्ही स्वर चौथ्या आणि तिसऱ्या तारेवर शेजारी सापडतात. जी७ साठी चौथ्या तारेचा ३ रा आणि तिसऱ्या तारेचा ४ था फ्रेट. दोन्ही बोटे एकेक फ्रेट मागे घेतली की सी७. आठव्या बारातल्या ई७ पासून ए मायनर ७, डी७ आणि जी७ असे उतरताना जोड्या (आधी चौथ्या, मग तिसऱ्या तारेचा फ्रेट) अशा येतात: ६-७, ५-५, ४-५, ३-४. सोलोचा सांगाडा हाच, स्केल्स नंतर.

सहाव्या बारात ही जोडी हलत नाही, फक्त बेस अर्धा स्वर वर सरकतो. म्हणून तिथे सी शार्प वाजवावा (तिसरी तार, ६ वा फ्रेट) आणि सातव्या बारात ७ व्या फ्रेटवरच्या डीवर यावे. बहुतेकांचा सोलो घसरतो तो आठव्या बारात. पेंटॅटॉनिकमधला जी तिथे लांबवला की ई७ चा जी शार्प ऐकूच येत नाही, आणि गाडी ए मायनरकडे वळल्याचे कळत नाही. चौथ्या तारेच्या ६ व्या फ्रेटवरून ७ व्यावर गेले की वळण स्पष्ट होते. चौथ्या बाराच्या उत्तरार्धात, सी७ येण्याआधी, जी पासून अर्धा-पूर्ण अंतराचे (आळीपाळीने अर्धा आणि पूर्ण स्वर चढणारे) डिमिनिश्ड स्केल शोभते. फोर्डची ती ओळखच आहे. मात्र पाचव्या बाराच्या पहिल्या ठोक्यावर ई किंवा जी गाठायलाच हवा, नाहीतर तो ताण नुसता बेसूर वाटतो.

रियाजासाठी लय मिनिटाला ८० ठोके ठेवावी, पण मेट्रोनोम ४० वर लावून त्याचा ठोका दुसरा आणि चौथा मानावा. आधी प्रत्येक कॉर्डला एकच स्वर, मग दोन स्वरांना जोडणारे अर्ध्या ठोक्याचे स्वर. ते जमल्यावर नव्या कॉर्डचा स्वर अर्धा ठोका आधी घ्यावा. तो दर वेळी बरोबर समेवर पडला तर सोलो पाठांतरासारखा लागतो.

पेंटॅटॉनिक सोडायचे नाही, ब्लूजचा जीव त्यातच आहे. तिसऱ्या तारेच्या ३ ऱ्या फ्रेटवरचा बी फ्लॅट जी७ वर किंचित वर ओढावा; सी७ वर तो कॉर्डचाच सातवा स्वर असल्याने सरळ ठेवावा.