पुण्याची थंडी डॅफोडिलला पुरत नाही
‘पुण्यात थंडी पडते ना, मग डॅफोडिलचे कंद एकदा लावले की दरवर्षी फुलं येतात’ हे व्हॉट्सअॅपवर फिरतंय ते चूक आहे. कळी नीट वर यायला कंदाला साधारण १२ ते १५ आठवडे सलग गारवा लागतो, ९ डिग्रीच्या खाली, आणि आपल्याकडे डिसेंबरात पहाटे पाषाणला कितीही कुडकुडलं तरी दुपारी ऊन पार तिशीला टेकतं, मग नुसती पातच वाढते. म्हणून कंद आधी फ्रिजमध्ये, पण सफरचंद-केळ्यांपासून लांब, त्यांच्या इथिलीन गॅसने आतली कळी मरते. आणि पिशवीवर नाव लिहा हो, कांद्यासारखे दिसतात पण विषारी असतात! एवढा खटाटोप नको असेल तर पेपरव्हाइट नर्गिस (डॅफोडिलचाच पांढऱ्या फुलांचा भाऊबंद) लावा, त्याला गारवा लागत नाही.