घडीची पुस्तिका

घडीची पुस्तिका : तावाच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी दोन पृष्ठे छापून, ते ताव एकात एक घालून मधोमध दुमडायचे आणि घडीवर टाचायचे किंवा शिवायचे, म्हणजे तयार होणारे छोटे पुस्तक. ए-४ तावाची ए-५ पुस्तिका हा तिचा आजचा रूढ आकार. कोणते पृष्ठ कुठल्या तावावर, कुठल्या बाजूला बसवायचे, हे पूर्वी छापखान्यातला जाणकार कारागीर ठरवी. आता ते वर्ड किंवा लिब्रेऑफिस रायटरमधल्या साध्या मजकुरावरून संगणकच ठरवतो, आणि तालुक्याच्या झेरॉक्स सेंटरवर बसल्या बसल्या पुस्तिका हाती पडते.

विदर्भाच्या खेड्यापाड्यांत अशा पुस्तिकांना बारमाही मागणी असते. भजनी मंडळाची पदे, गजानन महाराजांच्या प्रकटदिनाच्या आरत्या, महिला बचत गटाचा जमाखर्च, शाळेचा वार्षिक अंक, तेरवीला दिवंगताच्या नावे वाटायचा हरिपाठ, असे हे साहित्य. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) यांची भजने आणि सामुदायिक प्रार्थना छापील पुस्तकांतून मिळतातच; पण गावच्या मंडळाला त्यातली आपल्याला चालीवर बसलेली तेवढीच हवी असतात, शिवाय गावातल्याच कुणी रचलेली एखादी गौळण आणि मलपृष्ठावर देणगीदारांची नावे. प्रती लागतात पन्नास-शंभर. एवढ्यासाठी ऑफसेटची प्लेट काढणे परवडत नाही.

एका तावावर चार पृष्ठे मावतात, म्हणून एकूण पृष्ठसंख्या नेहमी चारच्या पटीत असावी लागते. मजकूर १४ पृष्ठांचा असेल तर पुस्तिका १६ पृष्ठांची होते आणि दोन कोरी राहतात. ती शेवटी एकत्र पडू देण्यापेक्षा एक मुखपृष्ठाच्या आत घ्यावे, दुसऱ्यावर गावातले उपयोगी फोन क्रमांक टाकावेत. १६ पृष्ठांच्या पुस्तिकेत सर्वांत बाहेरच्या तावाच्या एका बाजूला १६ आणि १, तर मागे २ आणि १५ ही पृष्ठे येतात. त्याच्या आतल्या तावावर १४ आणि ३, मागे ४ आणि १३. असे करत सर्वांत आतल्या तावावर १० आणि ७, मागे ८ आणि ९. शेजारच्या दोन पृष्ठांची बेरीज दर वेळी १७ भरते, म्हणजे एकूण पृष्ठांपेक्षा एक जास्त. आणि सम क्रमांक डावीकडे, विषम उजवीकडे. छापून आलेला कोणताही ताव एवढ्यावरून उभ्या उभ्या तपासता येतो. काम हाती घेण्याआधी चार कोरे कागद दुमडून त्यांवर पेनाने आकडे घालून नमुना करावा. दुकानदाराला तोंडी समजावण्यापेक्षा हा नमुना समोर ठेवलेला बरा.

या जुळणीत एक जागा खास आहे. ८ आणि ९ ही मधली पृष्ठे तेवढी एकाच तावाच्या एकाच बाजूला, खरोखर शेजारी छापली जातात. बाकीची समोरासमोरची पृष्ठे वेगवेगळ्या तावांवरची असतात, त्यामुळे ओळ किंवा रेघ केसभर तरी वरखाली होते. बचत गटाचा आडवा तक्ता किंवा मंडळाचा मोठा फोटो दोन पृष्ठांवर पसरायचा असेल तर तो मध्यावरच घ्यावा. भजनांच्या पुस्तिकेत आणखी एक पथ्य पाळावे : एक पद समोरासमोरच्या दोन पृष्ठांत संपले पाहिजे. हातात टाळ किंवा खंजेरी असलेल्या माणसाला कडव्याच्या मध्येच पान उलटायला लावणारी पुस्तिका दुसऱ्या दिवशी पेटीवाल्याच्या बस्त्यात जाते आणि मंडळी पुन्हा वहीतून म्हणू लागतात.

वर्डमध्ये यासाठी लेआउट, मार्जिन्स, कस्टम मार्जिन्स या वाटेने जाऊन ‘मल्टिपल पेजेस’मध्ये ‘बुक फोल्ड’ निवडतात. लिब्रेऑफिस रायटरमध्ये छपाईच्या चौकटीत पेज लेआउटखाली ‘ब्रोशर’ असते. दोन्ही सोयी चांगल्या आहेत, पण ज्या संगणकावर मजकूर टाइप केला त्यावरूनच छापायचे असेल तोवर. खेड्यात मजकूर एका घरी टाइप होतो, पेनड्राइव्हवरून किंवा व्हॉट्सॲपवरून तालुक्याला जातो आणि छपाई तिसऱ्याच्या यंत्रावर होते. म्हणून अधिक खात्रीची रीत अशी : कागदाचा आकार सुरुवातीलाच ए-५ घ्यावा, पृष्ठे सरळ क्रमाने लिहावीत, पीडीएफ करावी आणि दुकानात अ‍ॅक्रोबॅट रीडरच्या छपाईच्या चौकटीतले ‘बुकलेट’ वापरून ती ए-४ वर काढावी. ‘बुक फोल्ड’ लावलेल्या फाइलची पीडीएफ केली तरी तीत पृष्ठे सरळ क्रमानेच येतात. ते पाहून जुळणी बिघडली असे समजू नये. ती छापताना होते. उलट, जुळणी आधीच झालेल्या पीडीएफला पुन्हा ‘बुकलेट’ लावले तर मात्र सगळी खिचडी होते.

पीडीएफचा आग्रह मुख्यतः फॉन्टसाठी. डीटीपीवाल्यांकडे अजून श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधला पुष्कळ मजकूर असतो. तो फॉन्ट समोरच्या संगणकावर नसेल तर अभंगाच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हांचा पसारा दिसतो. युनिकोडमध्ये अक्षरे शाबूत राहतात, पण मंगलच्या जागी दुसरा फॉन्ट लागला की ओळी सरकतात, १६ पृष्ठांची १७ होतात आणि अनुक्रमणिका खोटी पडते. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बांधलेला असल्याने ही कटकट राहत नाही.

ए-४ वर लिहिलेला मजकूर पुस्तिकेत बसवताना संगणक तो सुमारे ७१ टक्क्यांवर आणतो. ए मालिकेत लांबी आणि रुंदीचे प्रमाण २ च्या वर्गमूळाइतके असल्याने आकार तंतोतंत बसतो खरा, पण १२ पॉइंटचे अक्षर साडेआठ पॉइंटचे होते. देवनागरीत वर वेलांटी, रफार आणि खाली उकार, जोडाक्षरे यांना जागा लागते. तिथे साडेआठ पॉइंट म्हणजे म्हाताऱ्या डोळ्यांना शिक्षाच. ए-५ वरच लिहिले की हा प्रश्न उरत नाही. भजनांसाठी १४ पॉइंट ठेवावा, मग पृष्ठे चार वाढली तरी चालतील.

दोन्ही बाजूंनी आपोआप छापणारे यंत्र असेल तर ताव लहान कडेवर उलटण्याचा पर्याय, म्हणजे ‘फ्लिप ऑन शॉर्ट एज’, निवडायचा. लांब कडेचा निवडला तर मागची पृष्ठे उलटी येतात. एकाच बाजूने छापणाऱ्या यंत्रावर ‘फ्रंट साइड ओन्ली’ने आधी पुढच्या बाजू काढतात आणि तीच चळत पुन्हा ट्रेमध्ये घालून मागच्या बाजू. चळत कोणत्या तोंडाने घालायची हे प्रत्येक यंत्राचे निराळे असते. एका कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने खूण करून आधी तोच एक घालून पाहावा. पन्नास प्रतींच्या पुढच्या बाजू एकदम काढून ठेवण्याचा मोह टाळावा. मध्येच वीज गेली किंवा दोन कागद एकदम ओढले गेले की तिथून पुढची प्रत्येक पाठ चुकते. पाच-पाच प्रतींनी काम उरकले तर नुकसानही पाच प्रतींपुरतेच होते. झेरॉक्स यंत्रावर काढायचे असेल तर मूळ संच एकदाच नीट छापून पुढच्या प्रती दोन्ही बाजूंनी झेरॉक्स करणे स्वस्त पडते.

हवेचाही हिशेब ठेवावा लागतो. चंद्रपूर, अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. त्या कोरड्या हवेत कागदावर स्थिर विद्युतभार साचून ताव एकमेकांना चिकटतात, म्हणून रीम ट्रेमध्ये घालण्याआधी चांगली फडफडवून घेतात. पावसाळ्यात उलट : कागद ओल धरतो, वळतो आणि यंत्रात अडकतो. उघडलेली रीम तिच्या वेष्टनातच गुंडाळून ठेवावी.

घडी एकेका तावाची न घालता पुस्तिकेची चळत सारखी करून एकदम घालतात आणि पट्टीने किंवा वाटीच्या बुडाने दाबतात. बाजारातल्या ए-४ कागदाचे तंतू बहुधा लांबीच्या दिशेने असतात, तर पुस्तिकेची घडी त्यांना आडवी जाते. त्यामुळे जाड मुखपृष्ठ घडीवर फुटल्यासारखे दिसते. आधी पट्टी धरून बोथट टोकाने घडीच्या जागी रेघ दाबून घेतली तर ते टळते.

साधा स्टेपलर घडीपर्यंत पोचत नाही. दुकानात लांब दांड्याच्या यंत्राने सेंटर पिन मारून मिळते. ते नसेल तर स्टेपलर उघडून, खाली पुठ्ठा किंवा घडी घातलेले पोते ठेवून, पिना आरपार मारतात आणि मागून चमच्याने वळवतात. शिवण मात्र जास्त टिकते. दाभणाने घडीवर तीन भोके पाडायची. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्या भोकातून आत, तिथून सरळ खालच्या भोकातून बाहेर आणि परत मधल्यातून आत आणायची. आतल्या लांब टाक्याच्या दोन्ही अंगांना दोऱ्याची टोके घेऊन त्यावरच गाठ मारायची. रोज उघडली जाणारी प्रार्थनेची पुस्तिका पिनेची असेल तर पावसाळ्यात गंजाचा डाग धरते, दोऱ्याची तसे करत नाही.

ताव वाढत गेले की आतली पृष्ठे कडेने बाहेर येतात. ७५ जीएसएमच्या (चौरस मीटरला ७५ ग्रॅम भरणाऱ्या कागदाच्या) १० तावांत हा फरक साधारण १ मिलिमीटरचा असतो. दुकानात कटिंग करून तो घालवतात. तसे करायचे असेल तर बाहेरच्या कडेला समास थोडा जास्त सोडावा. साठेक पृष्ठांपलीकडे पुस्तिका फुगते आणि मिटून राहत नाही; तेव्हा फर्मे, म्हणजे थोड्या थोड्या तावांचे वेगवेगळे जुडगे, पाडून बांधणी करणेच योग्य.

लोकसभा-विधानसभा निवडणुकीच्या काळात निघणाऱ्या प्रचार पुस्तिकांना लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ चे कलम १२७-क लागू होते. मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे व पत्ते दर्शनी भागावर छापावे लागतात, आणि हाताने नक्कल करण्याखेरीज प्रती काढण्याची कोणतीही रीत या कलमापुरती छपाईच मानली जाते. म्हणजे झेरॉक्सवर काढलेली पुस्तिकाही त्यातून सुटत नाही.