ड्रम आधी, मालिका नंतर

बेळगावच्या एखाद्या पोराला टीव्ही मालिकेत काम मिळालं की ठरलेली बातमी येते: अमुक गल्लीचा सुपुत्र छोट्या पडद्यावर. शेवटच्या ओळीत हळूच, ‘ड्रमवादनाचीही आवड आहे.’ माझ्या मते ही ओळ पहिली हवी. इकडच्या पोरांच्या हातात काठ्या आधी येतात, कॅमेरा फार नंतर.

बेळगावची शिवजयंती तिथीनुसार वैशाखात होते आणि तिची चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते. गल्लोगल्लीची मंडळं ट्रॉलीवर सजीव देखावे उभे करतात. अफजलखानाचा वध, आग्र्याहून सुटका, पावनखिंड. शिवबा, संभाजी, मावळे सगळी गल्लीतलीच पोरं. चित्ररथापुढे झांजपथक, ढोल-ताशा, लेझीम. माणसं तीच असतात, फक्त जागा बदलते: यंदा ताशावर असलेला पुढच्या वर्षी मिशी चिकटवून ट्रॉलीवर चढतो. देखाव्याचे संवाद बऱ्याचदा आधीच रेकॉर्ड केलेले असतात, त्यामुळे कोणत्या शब्दाला हात उचलायचा, कोणत्या ठोक्याला तलवार, हे मोजूनच करावं लागतं. ताशा वाजवलेल्या पोराला हे वेगळं शिकवावं लागत नाही. एवढी तालीम फुकटात देणारी दुसरी अभिनयशाळा या भागात मला तरी माहीत नाही.

याच्या मागे आणखी जुना धागा आहे. मराठी संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ साली बेळगाव जिल्ह्यातल्याच गुर्लहोसूरला जन्मले. त्यांच्यानंतरच्या नाटक कंपन्या मुलांवरच उभ्या होत्या. मिसरूड फुटायच्या आत मुलगा कंपनीत दाखल व्हायचा, गाणं शिकायचा, स्त्रीभूमिका करायचा. कोल्हापूरचे केशवराव भोसले असेच अगदी लहानपणी कंपनीत गेले, ‘शारदा’ नाटकातल्या शारदेच्या भूमिकेने गाजले आणि १ जानेवारी १९०८ रोजी हुबळीत त्यांनी ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची नाटक कंपनी काढली. तेव्हा ते अठराही पूर्ण नव्हते. आज त्या वयाच्या मुलाला कोणी स्वतःच्या नावावर मोटारसायकल देत नाही! तेव्हा कोल्हापूर, बेळगाव, हुबळी हा एकच दौऱ्याचा पट्टा होता. १९५६च्या राज्यपुनर्रचनेने त्यातून रेघ गेली, पण प्रेक्षक आणि वाजवणारे होते तिथेच राहिले.

पाश्चात्त्य ड्रमचा प्रवास वेगळ्या वाटेने झाला. बेळगावच्या कॅम्पातले, म्हणजे छावणीतले लष्करी बँड, चर्च, मग लग्नाच्या वरातीतला ब्रास बँड. रोलँड कंपनीचा ऑक्टापॅड हा इलेक्ट्रॉनिक ड्रम १९८५ साली बाजारात आला आणि पुढे ऑर्केस्ट्रांनी तो उचलला. आठ चौकोनी पॅड, त्यांवर ढोलकीपासून काँगा ड्रमपर्यंत सगळं. गणपतीत ताशा, लग्नसराईत ऑक्टापॅड आणि क्लासला फुल सेट, असं आता सर्रास दिसतं. हलगी आणि संबळ मात्र क्लासात मिळत नाहीत. त्यांच्यासाठी जत्रेतच जावं लागतं.

टीव्हीकडचा रस्ता बराच काळ फक्त मुंबईला जात होता. मुंबई दूरदर्शन १९७२चं, पहिली मोठी खासगी मराठी वाहिनी १९९९ची, पण चित्रीकरण तिकडेच. शाळकरी मुलासाठी आईबापांपैकी एकाने घरदार सोडायचं म्हणजे झालंच. २०१६ साली एका लोकप्रिय मालिकेने कोल्हापूरजवळच्या वसगडे गावात तळ ठोकला आणि पुढे कोल्हापूरच्या चित्रनगरीतही मालिकांचे सेट लागले. बेळगावहून शंभर-सव्वाशे किलोमीटर, निपाणीमार्गे सरळ हायवे. पहाटे निघालं तर शिफ्ट गाठता येते, आणि ऑडिशनला जाऊन संध्याकाळी घरी जेवायला परत येता येतं.

बालकामगार कायद्याच्या २०१६च्या दुरुस्तीनंतर आणि २०१७च्या नियमांनुसार चौदा वर्षांखालच्या कलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. सलग तीन तासांनंतर विश्रांती, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही, आणि मिळकतीच्या किमान २० टक्के रक्कम मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव. परवानगी चित्रीकरण ज्या जिल्ह्यात त्या जिल्ह्याच्या दंडाधिकाऱ्यांची. म्हणजे मूल बेळगावचं असलं तरी कागद कोल्हापूरला. चौदा ओलांडली की ही तासांची मर्यादा लागू राहत नाही, आणि नेमकी तेव्हाच दहावी येते. कर्नाटकची एसएसएलसी, म्हणजे तिथली दहावी, हजेरी मोजते. मालिका आठवड्याचे सहा दिवस एपिसोड मागते.

शिवाय या वयात चेहरा आणि आवाज दोन्ही बदलतात. सुरुवातीला गोड दिसणारा मुलगा वर्षभरात खांद्याएवढा होतो, मग लेखक कथानकात पाच वर्षांची उडी मारतात आणि त्याच्या जागी मोठा नट येतो. टीआरपी घसरला तर उडी मारायलाही मालिका उरत नाही. ड्रमला असली अट नाही. उलट मालिकेतला चेहरा आहे म्हटल्यावर ऑर्केस्ट्रावाले पोस्टरवर फोटो टाकतात, सुपारीचा आकडा थोडा वर जातो, आणि पोरगा लग्नसराईभर चिक्कोडी, संकेश्वर, खानापूर करत फिरतो.